डोंगर, सूर्य, झोपडी... आणि पुढे?

एक काम करा. वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत निसर्गचित्र काढा. काय आलं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, वर 'व्ही'सारखे पक्षी. बरोबर ना? मुंबईच्या चाळीत वाढलेल्यानं हेच काढलं आणि लातूरमध्ये वाढलेल्यानंही. कारण हा निसर्ग आपण बघितलेलाच नाही, फळ्यावरून उतरवलाय!

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारे इलस्ट्रेटर प्राथमिक शाळेत वर्कशॉप घेतात, तेव्हा त्यांची पहिली लढाई या डोंगरांशी असते.

'मला चित्र येत नाही'

मुलांच्या चित्रांचे टप्पे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मांडले. चार ते सात वर्षांची मुलं डोक्यालाच हातपाय जोडतात. पुढे घराच्या भिंतीतून आतली माणसंही दिसतात. आणि नवव्या वर्षाच्या आसपास 'खऱ्यासारखं' काढायची ओढ लागते. ते जमत नाही, मग 'मला चित्र येत नाही' म्हणून मूल कागदच बाजूला सारतं. आपल्यातले बरेच जण तिथेच थांबलेत.

नेमक्या याच वयात शाळेत कलाशिक्षक नसतो. शिक्षण हक्क कायद्यात (2009) कलेसाठी अर्धवेळ निदेशक आहे, पण सहावी ते आठवीसाठी, तोही शंभरावर पट असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूदच नाही.

खोडरबर दप्तरात!

इलस्ट्रेटरचं काम हुबेहूब काढण्याचं नसतं, चित्रातून गोष्ट सांगण्याचं असतं. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' आठवतंय? शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. त्यात परीबिरी नाही, आहेत ती घरातलीच माणसं. म्हणूनच अशा वर्कशॉपमध्ये विषय असतो नळावरचं भांडण, एसटीतली गर्दी, आजीची पिशवी. खोडरबर दप्तरात. रेघ चुकली? तिचं दुसरं काहीतरी करायचं. आणि 'हे काय काढलंस?' असं विचारायचं नाही. 'इथे काय चाललंय?' असं विचारलं, की मूल सुटतंच!

मग एका ए-फोर कागदाला घड्या घालून आठ चौकोन पाडायचे, मधल्या चार चौकोनांच्या आडव्या घडीवर एक चीर द्यायची आणि कागद मुडपायचा. ना डिंक, ना स्टेपलर, आठ पानांचं पुस्तक तयार. कव्हरवर लेखक आणि चित्रकार म्हणून मुलाचं स्वतःचं नाव.

हे फॅड नवीन नाही बरं का. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत त्यांनी मुलांना कला शिकवली. कला हाच शिक्षणाचा पाया, असं ते मानत.

तुमचा नंबर

एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला गावात जाताच ना? तिथल्या शाळेत दोन तास मागून घ्या. कागद, तेलखडू, कात्री, बस्स. स्पर्धा नको, नंबर नको. पुस्तकं वर्गात दोरीवर टांगा, सगळ्यांना वाचू द्या. जमलं तर महिन्याभरानं पुन्हा जा, एका दिवसात सवय लागत नाही.

एक नक्की होणार. कोणीतरी कागद पुढे करून म्हणेल, 'दादा, तुम्हीच हत्ती काढून द्या ना!' तेवढं मात्र करू नका. नाहीतर उद्या वर्गातल्या चाळीस वह्यांत तुमचाच हत्ती दिसेल.