नाकावरचे काळे ठिपके : कारणे आणि इलाज

मालवणच्या किनारपट्टीवर वैशाखातल्या दमट उन्हात डोक्याला चोपडलेले खोबरेल तेल घामाबरोबर कपाळावर ओघळू लागते, आणि त्याच सुमारास वयात आलेल्या मुलामुलींच्या नाकावर व हनुवटीवर बारीक काळे ठिपके दिसले की घरची वडील माणसे त्यांच्यावर अस्वच्छतेचा ठपका ठेवून मोकळी होतात. हा ठपका सर्वस्वी अन्यायाचा आहे.

केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्निग्धग्रंथी असते. पौगंडावस्थेत अँड्रोजेन नावाच्या संप्रेरकांच्या प्रभावाने ती मोठी होऊन अधिक तेल स्रवते, आणि एरवी सहज झडून जाणाऱ्या मृत पेशी त्या तेलात चिकटून रंध्राच्या तोंडाशी खीळ होऊन बसतात. ही खीळ बाहेर आली असता निरखून पाहावी : तिचे फक्त टोक काळे, बाकीचा भाग मेणासारखा पिवळट असतो. उघड्या तोंडाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य साचल्याने आणि हवेतील प्राणवायूचा तेलावर परिणाम झाल्याने तो काळिमा येतो. सबब कितीही साबण घासला तरी तो जात नाही, उलट त्वचा मात्र चिडते.

खोबरेल तेल केसांना हितकर असले तरी चेहऱ्यावरची रंध्रे बुजविणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. केसांच्या तेलकट मलमांमुळे कपाळावर उठणाऱ्या मुरुमांचे वर्णन त्वचाशास्त्रज्ञांनी १९७० सालीच करून ठेवले आहे. म्हणून तेल बेलाशक लावावे, परंतु बेताने, आणि ते कपाळावर उतरू देऊ नये.

इलाज साधा आहे. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवावे. दोन टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असलेले औषध खीळ सैल करते. ठिपके पुष्कळ असल्यास वैद्यकीय सल्ल्याने अ‍ॅडापॅलीनचे मलम रात्री हरभऱ्याएवढे घेऊन चेहऱ्यावर पातळ पसरावे; प्रारंभी त्वचा कोरडी पडते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. गर्भवतींनी मात्र ते वर्ज्य करावे. नखाने पिळणे, लिंबू चोळणे आणि गोरेपणाच्या लोभाने स्टेरॉइडची मलमे परस्पर आणून लावणे, हे तिन्ही उपद्व्याप कायमचे डाग मागे ठेवू शकतात.

पालकांना एवढीच विनंती की त्यांनी मुलांना टोचून बोलू नये, आणि घरगुती उपायांनी गुण न आल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे ओरोसच्या शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे त्यांना निःसंकोच घेऊन जावे.