दिवस पावणेसहा तासांचा

छत्रपती संभाजीनगरात वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या यंत्राला अक्कल द्यायची, तर एटीमेगा ३२८ सारखी आठ बिटांची चिप पुरते. प्रोग्रामला ३२ किलोबाइट जागा, चलांना जेमतेम २, आणि भागाकार तिला मुळातच येत नाही. तिच्यासाठी सी भाषेत दिवसाचे सेकंद लिहिताना शहाणा माणूस ८६४०० न लिहिता २४ * ६० * ६० लिहितो. वाचणाऱ्याला आकडा कुठून आला ते कळतं. हे गुणाकार चिपच्या वाट्याला येतच नाहीत. प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवतानाच कंपायलर लॅपटॉपवर उत्तर काढून ठेवतो. हे कॉन्स्टंट फोल्डिंग.

गंमत पुढेच आहे. या चिपवर साधा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ वर संपणारा. लॅपटॉपला ८६४०० चं काहीच ओझं नाही, पण हिशेब चिपच्या नियमानं करावा लागतो. जीसीसी कंपायलर ताकीद देतो आणि ६५५३६ गळून २०८६४ उरतात. २४ च्या मागे ‘एल’ लावला की प्रश्न मिटतो. ताकीद न वाचणाऱ्याच्या यंत्रात मात्र पावणेसहा तासांतच तारीख बदलते!

फंक्शन कॉलचंही असंच. परतायचा पत्ता जपा, रजिस्टरं सांभाळा, उडी मारा, परत या. दोन ओळींच्या फंक्शनसाठी हा खटाटोप कामाहून मोठा. म्हणून कंपायलर फंक्शनचा मजकूरच कॉलच्या जागी उतरवतो. याला इनलायनिंग म्हणतात. उडी वाचते हा किरकोळ फायदा. क्षेत्रफळाच्या फंक्शनला १२ आणि ३० दिले असतील, तर मजकूर उतरताच गुणाकाराचे ३६० होतात, आणि ‘५०० पेक्षा जास्त असेल तर’ ही पुढची अख्खी शाखा छाटली जाते. अर्थात प्रती वाढल्या की प्रोग्राम फुगतो, आणि ३२ किलोबाइटमध्ये ती चैन परवडत नाही.

आकडे आधी ठाऊकच नसले तर? समजा, एक गुणाकार एका वाटेवर झालाय, दुसरीवर नाही, आणि वाटा मिळतात तिथे तो पुन्हा मागितलाय. मोरेल आणि रेन्व्हाज यांनी १९७९ मध्ये यावर तोडगा दिला. पवईच्या आयआयटीतल्या धनंजय ढमढेरे यांनी १९९१ च्या निबंधात तो सुधारला. विद्यार्थी त्यांना सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकामुळे ओळखतात, हे काम त्याहून मोठं. गुणाकार दुसऱ्या वाटेवर, तिच्या दोन टप्प्यांना जोडणाऱ्या दुव्यावरच ठेवायचा, ही त्यातली युक्ती. मग पहिल्या वाटेनं आलेल्याला तो दुसऱ्यांदा करावा लागत नाही.