शेवाळापासून डिझेल: जास्तीत जास्त किती मिळेल?

'शेवाळापासून अमर्याद डिझेल' अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. असा दावा तपासताना मी थेट उन्हापासून सुरुवात करतो, कारण शेवाळाची सगळी ऊर्जा तिथूनच येते.

समजा, एका चौरस मीटरवर दिवसाला ५ युनिट ऊर्जेचं ऊन पडतं.

१. प्रकाशसंश्लेषणाला त्यातला साधारण ४५ टक्केच प्रकाश चालतो. उरले २.२५ युनिट.

२. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडायला प्रकाशाचे किमान ८ फोटॉन लागतात. त्यामुळे या प्रकाशातली फार तर २७ टक्के ऊर्जा साठते. उरलं ०.६ युनिट.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे कमाल मर्यादा रोज ६० मिली! तीही साठलेल्या सगळ्या ऊर्जेचं तेल झालं तर.

प्रत्यक्षात दुपारचं कडक ऊन बरंचसं वाया जातं आणि रात्री पेशी स्वतःचाच साठा खातात. उघड्या तळ्यात उन्हातली १-२ टक्के ऊर्जा साठली, तर हातात ५ ते १० मिली.

एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये या संशोधनावर ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायचं जाहीर केलं होतं. २०२३ पर्यंत कंपनी त्यातून बाहेर पडली.

तेव्हा कुणी शेवाळात पैसे गुंतवायला सांगितलं, तर एकच विचारा: एवढ्या उन्हात चौरस मीटरमागे रोज किती मिली? उत्तर ६० च्या वर गेलं, तर पैसे खिशातच राहू द्या.