रोजच्या गिऱ्हाइकाचं कोल्हापूर

बाहेरून कोल्हापुरात येणाऱ्या पाहुण्याचा दिवस जवळपास ठरलेला असतो. सकाळी महाद्वारातून अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत थोडी घासाघीस, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि रात्री परतीची गाडी. यातलं काहीच टाकाऊ नाही. पण याच गोष्टींबद्दल पेठेत राहणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो दुसरी वेळ सांगतो, दुसरं दुकान सांगतो आणि त्याची कसोटी एकच असते: तिथं गावातली माणसं रोज जातात का? उद्या पुन्हा येणारं गिऱ्हाईक चव जरा बिघडली तरी तोंडावर सांगतं. एकदाच येणारं गिऱ्हाईक पैसे देतं, फोटो काढतं आणि निघून जातं. शहरातली खाण्याची, खरेदीची आणि विरंगुळ्याची ठिकाणं या एका फरकावर टिकली किंवा घसरली आहेत.

वाद सुरू होतो मिसळीपासून. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा, प्रत्येक नावामागं ठाम मतं असलेली घराणीच उभी आहेत आणि दुसऱ्याच्या मिसळीला बरं म्हणणं हा मोठा उदारपणा समजला जातो. यांपैकी फडतऱ्यांचं ठिकाण शिवाजी उद्यमनगरात आहे, ही गोष्ट पाहुण्याच्या लक्षात येत नाही. उद्यमनगर ही लेथ, वेल्डिंग आणि यंत्रांच्या सुट्या भागांची वस्ती. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला सकाळी पोटभर, झणझणीत आणि स्वस्त काहीतरी हवं असतं. कोल्हापुरी मिसळीचा पिंड त्या गरजेतून घडला आहे. मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, लिंबू आणि बाजूला पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. स्लाइस कट चांगला शोषून घेतो, म्हणून जुन्या गिऱ्हाइकाला पाव दिला तर त्याला चुकल्यासारखं होतं.

मिसळीची परीक्षा कटात असते. वर तरंगणारा लाल तवंग कोणालाही करता येतो. खालच्या रश्श्यात भाजलेल्या खोबऱ्याची आणि मसाल्याची चव उतरली आहे की नाही, हे दुसऱ्यांदा कट मागवल्यावर कळतं. अलीकडं महामार्गाच्या कडेला मोठे फलक लावून उभ्या राहिलेल्या मिसळ केंद्रांत दही, पापड, ताक, गुलाबजाम असा सगळा थाट ताटात मांडलेला असतो. बसायला जागा ऐसपैस, गाडी लावायची सोय उत्तम. पण कट फिका. ज्याला खरी मिसळ खायची आहे त्यानं रविवार टाळावा, कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास गावातल्या ठिकाणी जावं आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मिळेल तिथं बसावं.

मटणाच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. कोल्हापूरकराचं उत्तम मटण हॉटेलात नसतं, घरात असतं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून घेतली जाते: संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे. हीच कांदा-लसूण चटणी तांबड्या रश्श्याला रंग आणि अंग देते. देशभरातल्या हॉटेलांत ‘कोल्हापुरी’ या नावाखाली जो जाळ वाढला जातो, त्याच्याशी तिचं नातं नाही. चांगला तांबडा रस्सा तिखट असतोच, पण जेवल्यावर तोंडात मसाल्याचा वास राहतो, नुसती आग राहत नाही. पांढरा रस्सा तर त्याहून अवघड. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ किंवा काजूचं वाटण आणि खडा मसाला. आच जरा चुकली की तो फुटतो. तिखटाच्या आड लपण्याची सोय त्यात नसल्यानं खानावळ जोखायची तर पहिल्यांदा पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावावी.

पद्मा, ओपल, देहाती, पारख ही नावं पाहुण्यांनाही माहीत आहेत आणि ती उगाच मोठी झालेली नाहीत. तरी रस्सा हवा तितका घ्या असं सांगणाऱ्या लहान खानावळींकडं शहरातल्या माणसाचा ओढा जास्त, कारण वाढणाऱ्याला समोरच्याची भूक ओळखीची असते. मटणाबाबत हे शहर किती गंभीर आहे, याचा पुरावा हवा असेल तर 2019च्या अखेरीस दरवाढीविरुद्ध पेठापेठांतून उठलेलं आंदोलन आठवावं. विक्रेते, कृती समिती, बैठका, प्रशासनाची मध्यस्थी, सगळं झालं. रविवारचं मटण सामान्य घराला परवडलं पाहिजे, ही मागणी लोकांनी मनापासून केली होती. ती रास्तच होती.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्टा भरतो. म्हशी तिथंच बांधलेल्या, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळलेला कोमट पेला थेट गिऱ्हाइकाच्या हातात येतो. 1963 साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ संघाच्या पिशव्या घरोघरी पोहोचल्या, तरी कट्टा मोडला नाही. त्याचं एक कारण जवळच्या तालमी. पैलवानाला धारोष्ण दूध हवं असतं आणि पैलवान होऊ न शकलेल्यांनाही ती सवय लागलेली असते. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, गळ्यात घुंगरांचे पट्टे घालून मिरवायला निघतात. कसबा बावडा, सागरमाळ, पंचगंगा घाट इथं त्या मोटारसायकलीमागून धन्याच्या हाकेसरशी धावतात. दिवाळीत कोल्हापुरात येणाऱ्यानं बाकी काही चुकवलं तरी चालेल, हे चुकवू नये.

खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ आणि सोळंकींचं आइस्क्रीम कॉकटेल यांवर पानं लिहिता येतील. इथं एवढंच पुरे की भेळेतल्या चिरमुऱ्यांना वेगळाच कुरकुरीतपणा असतो, आणि कॉकटेल एकट्यानं संपवण्याचा आग्रह धरू नये.

खरेदीत फसगत सोपी आहे आणि ती सर्वांत जास्त चपलांत होते. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून 2025मध्ये ‘प्राडा’नं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मांडल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. संताप योग्यच होता. पण त्याच महाराष्ट्रातली माणसं देवळाजवळ उभी राहून रेक्झिनची, रबरी तळाची, यंत्रावर चिकटवलेली जोडी ‘कोल्हापुरी’ म्हणून घेतात, आणि सुभाषनगरातल्या कारागिरानं कातडं कापून, ठोकून, हातानं शिवलेल्या जोडीला महाग म्हणतात. अस्सल चपलेत खिळा नसतो. कातड्याच्याच वादीनं ती शिवलेली असते, कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, हातात घेतली की वजन कळतं. नवी जोडी पहिले काही दिवस चावते, मग तेल पिऊन पायाचा आकार घेते. कापशी, कुरुंदवाडी, पुडा असे घाट विचारून घ्यावेत आणि जमलं तर पायाचं माप देऊन करून घ्यावी. मापाची चप्पल करून घेणारी माणसं कमी होत गेली, तसे कारागिरांच्या घरातले मुलगेही दुसऱ्या कामांकडं वळू लागले. चप्पल लाइनीत सगळ्यांत दुखरी गोष्ट हीच आहे.

गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, स्थिती बरी आहे, कारण तिथलं गिऱ्हाईक अजून घरचं आहे. साज आणि ठुशी घ्यायला आजी, सून, नात अशा तिघी येतात. साजाच्या पानांत दशावतार, अष्टमंगल नीट उमटले आहेत का, हे आजी भिंग नसताना ओळखते. चांदीचं हवं असेल तर जाणकार थेट हुपरीची वाट धरतात.

गुळाचं मात्र सांगायला हवं. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी, आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला मानांकनही मिळालं. दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं पेटतात. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून रसायनं घालून रंग उजळण्याची रीत बोकाळली. जुनी रीत भेंडीच्या चिकानं मळी काढण्याची. काळसर तांबूस ढेप दिसायला साधी, पण खायला तीच घ्यावी. शहराबाहेर थोडं जाऊन गुऱ्हाळावर गरम काकवी चाखून गूळ घेणारा माणूस स्टँडजवळच्या चकचकीत पॅकिंगकडं पुन्हा वळत नाही.

विरंगुळ्याच्या जागांत शाहू महाराजांनी शहराला दोन ठिकाणं शेजारी शेजारी दिली. युरोपच्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहून आल्यावर त्यांनी खासबाग मैदान बांधून घेतलं. 1912 साली ते पूर्ण झालं. खोलगट बशीसारखी रचना, मधोमध लाल मातीचा हौदा, कोणत्याही पायरीवरून कुस्ती सरळ दिसते. 1959 साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे याच शहराच्या तालमींत तयार झाले. मैदान मोकळं असताना आत जाऊन आलेल्या पाहुण्याला त्याची कल्पना येत नाही. मोठी जोड लागलेल्या दिवशी, हलगी कडकडत असताना, मागच्या पायरीवर बसून ते पाहावं.

शेजारचं पॅलेस थिएटर 1915 सालचं, पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावानं ओळखलं गेलेलं. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्रीच लोक रस्त्यावर आले, कितीतरी जण रडत होते; शाळेच्या स्नेहसंमेलनापासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत आयुष्यातलं पहिलं पाऊल ज्यांनी त्या रंगमंचावर टाकलं, अशी माणसं या गावात हजारोंनी आहेत. पुन्हा उभारणीत खुर्च्या आणि वातानुकूलन येईलच. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारी मूळ रचना जपली जाते का, याकडं रंगकर्मींचं लक्ष आहे आणि ते असलंच पाहिजे.

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हा या शहराचा सर्वांत कमी सांगितला गेलेला आनंद. बाकी महाराष्ट्र क्रिकेट पाहत असताना इथं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल या तालीम-मंडळांचे सामने रंगतात. संघ पेठेचा, खेळाडू गल्लीतला, प्रेक्षक त्याचे शेजारी. चुकलेल्या पासची चर्चा रात्री कट्ट्यावर आणि सकाळी मिसळीच्या टेबलावर होते. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अटीतटीच्या सामन्यांनंतर हुल्लडबाजी होते, पोलिसांना मध्ये पडावं लागतं आणि त्यामुळं घरच्या बायकामुलींची पावलं गॅलरीकडं वळत नाहीत. संघांनी आपापल्या समर्थकांना आवरलं, तर ही गॅलरी खऱ्या अर्थानं सगळ्या गावाची होईल.

ज्यांना शांतता हवी त्यांनी टाउन हॉलच्या बागेत जावं. तिथल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमशी व्यापार करणारं हे गाव किती जुनं आहे, ते ती बोटभर मूर्ती सांगते. 1850पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिरही तितकंच मोलाचं. दोन्ही ठिकाणी गर्दी नसते. शाळांनी सहली इथंही आणाव्यात.

आणि रंकाळा. संध्याकाळची चौपाटी, भेळेच्या गाड्या, उंटावरची मुलं हे त्याचं पाहुण्यांसाठीचं रूप. गावचा रंकाळा पहाटेचा: फेरी मारणारे निवृत्त शिक्षक, धावणारे पोलीस भरतीचे उमेदवार, पाणी उतरलं की उघडा पडणारा संध्यामठ, समोर शालिनी पॅलेसचा मनोरा. रोज येणारी हीच माणसं पाण्याचा रंग बदलला, मासे मेले, केंदाळ वाढलं की सर्वांत आधी आवाज उठवतात. कारंजी, रोषणाई आणि सेल्फी पॉइंट यांवर खर्च होत राहतो. पहाटे फेरी मारणाऱ्यांची मागणी साधी आणि जुनी आहे: तळ्यात मिसळणारं सांडपाणी आधी पूर्ण थांबवा, बाकीचं नंतर करा. पुढच्या कामाची निविदा निघेल तेव्हा तिचं पहिलं कलम हेच असायला हवं, आणि काम पुरं झालं की नाही हे तपासायला महापालिकेनं पहाटे सहाला रंकाळ्यावर यावं.