बोगनवेल आणि तिच्या नावाची कथा

कुंपणावर वा शाळेच्या फाटकावर बहरणारी बोगनवेल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या नावातील ‘वेल’ मात्र मुळात मराठी नव्हे. लुई आंत्वान द बूगनव्हिल या फ्रेंच नाविकाच्या नावाचा तो अंत्य भाग असून मराठी जिभेने त्याची सहजच वेल केली.

ज्यांना आपण फुलाच्या पाकळ्या समजतो, ती वस्तुतः रंगीत पाने होत. त्यांना ‘छदे’ म्हणतात. तीन छदांच्या मधोमध नळीसारखी तीन लहान, फिकट फुले असतात. हीच खरी फुले. आपल्या परसातील गुलबक्षी ही याच कुलातील होय.

बूगनव्हिल १७६६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्या मोहिमेत फिलिबेर कोमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे या वेलीचे नमुने मिळाले व त्याने तिला आपल्या नायकाचे नाव दिले. १७८९ मध्ये झ्यूस्य याने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

कोमेर्सोंचा साहाय्यक म्हणून वावरणारा तरुण ही वास्तविक झान बारे नावाची स्त्री होती. नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मज्जाव असल्याने तिने पुरुषवेष घेतला होता. कोमेर्सों पायाच्या दुखण्याने त्रस्त असे. त्यामुळे नमुने गोळा करण्याचे पुष्कळसे कष्ट तिनेच उपसले. ही वेलही प्रथम तिच्याच हाती लागली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी ती पहिली ज्ञात स्त्री होय. तिचे नाव मात्र वनस्पतिशास्त्रात टिकले नाही. अखेर २०१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील, वांग्याच्या वंशातील एका जातीस ‘सोलॅनम बारेटिई’ हे नाव देऊन शास्त्रज्ञांनी ते ऋण मान्य केले.