लॅपटॉपचा पंखा वारंवार का बिघडतो? : कारणमीमांसा व उपाय

ग्रामीण भागातील अनेक प्राथमिक शाळांत आता लॅपटॉप आले आहेत. काही शासकीय योजनांतून मिळाले, काही लोकवर्गणीतून घेतले गेले, तर काही शहरात नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेस भेट दिले. भेटीदाखल आलेल्या यंत्रांत ‘गेमिंग लॅपटॉप’ या नावाने ओळखली जाणारी यंत्रेही असतात. ती मुळात संगणकावरील खेळांसाठी बनविलेली असल्याने बलवान असतात व शैक्षणिक चित्रफिती त्यांवर उत्तम चालतात. परंतु शाळाभेटीच्या वेळी त्यांच्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. ती अशी की, पंखा बंद पडला म्हणून बदलला, काही महिने बरा चालला आणि पुन्हा बंद पडला.

ही तक्रार क्षुल्लक नाही. प्रत्येक वेळी पंख्याचा खर्च होतो, यंत्र तालुक्याच्या गावी पडून राहते आणि तोवर मुलांचे पाठ अडतात. ज्या ग्रामस्थांनी पदरमोड करून शाळेस साहाय्य केले, त्यांच्या मनात ‘शाळेत वस्तू टिकत नाही’ असा समज दृढ होतो, ही हानी सर्वांत मोठी होय. म्हणून या दोषाचे मूळ कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रारंभीच एक तत्त्व ध्यानात घ्यावे. पंखा एकदा बिघडला तर तो पंख्याचा दोष असू शकेल. परंतु तो वारंवार बिघडू लागला तर दोष बहुधा अन्यत्र असतो. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण असतो, तसेच येथे समजावे.

यंत्राची रचना

गेमिंग लॅपटॉपमध्ये उष्णता निर्माण करणारे दोन प्रमुख भाग असतात : गणनकार्य करणारा प्रोसेसर व चित्रे रेखाटणारी ग्राफिक्स चिप. साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर सामान्यतः ४५ ते ६५ वॉटचा असतो, तर गेमिंग लॅपटॉपचा बहुधा १५० वॉट वा त्याहून अधिक शक्तीचा असतो. यंत्रात येणारी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होत असल्याने, जड काम चालू असता केवढी उष्णता बाहेर काढावी लागते याची कल्पना यावरून येईल.

हे कार्य तीन अवयव मिळून करतात. चिपवर तांब्याची पट्टी असते व दोहोंमध्ये थर्मल पेस्ट नावाचा उष्णतावाहक लेप असतो. पट्टीला जोडलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्यांत अत्यल्प द्रव असतो. उष्ण टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी ती पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे त्याप्रमाणे, केशाकर्षणाने मूळ जागी परत येते. थंड टोकाशी धातूच्या पातळ पत्र्यांची जाळी असते. पंखा तळाच्या छिद्रांतून हवा ओढून घेतो व या जाळीतून मागे किंवा बाजूस फेकतो. तात्पर्य, पंखा हा या साखळीतील शेवटचा दुवा होय. मागील दुवे निर्बल झाले की त्यांचा भार त्याच्यावर पडतो.

पंखा अकाली का झिजतो?

तापमान वाढले की यंत्र पंख्यास अधिक वेगाने फिरण्याची आज्ञा देते. मिनिटास ५,००० फेरे या वेगाने फिरणारा पंखा एका तासात ३ लक्ष फेरे घेतो. शाळेचे पाच तास तो असाच फिरत राहिला तर दिवसास १५ लक्ष फेरे होतात. पंख्याचा आस ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्यातील वंगण उष्णतेने हळूहळू आटते, घर्षण वाढते, आस डगमगू लागतो आणि अखेर पंखा अडकतो. जाळी तुंबलेली असेल वा लेप सुकलेला असेल, तर पंखा कितीही वेगाने फिरला तरी यंत्र थंड होत नाही. परिणामी तो सतत पूर्ण वेगाने धावत राहतो. अशा स्थितीत नवा पंखा बसविणे म्हणजे आजारी बैलाच्या जागी दुसरा बैल आणून तोच अवजड गाडा त्यास जुंपणे होय.

आपल्या शाळांतील परिस्थितीही यास हातभार लावते. खडूची भुकटी, उघड्या खिडकीतून येणारी वाटेवरची धूळ, सतरंजीचे तंतू, तसेच पोषण आहार शिजविण्याची जागा जवळ असल्यास तेथील धूर व तेलकट वाफ, या सर्वांचा मिळून जाळीच्या आतील बाजूस नमद्यासारखा घट्ट थर बसतो. टेबलावर कापड अंथरले असल्यास तळाची छिद्रेही झाकली जातात.

दोष शोधण्याचा क्रम

(१) पाहावे व ऐकावे. यंत्रावर चित्रफीत लावून दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावी. नंतर कागदाची पातळ पट्टी हवा बाहेर पडण्याच्या जागेजवळ धरावी. ती बाहेरच्या दिशेने जोराने फडफडली तर वारा ठीक आहे. पंख्याचा आवाज मोठा, परंतु पट्टी जेमतेम हलते, असे असल्यास जाळी तुंबल्याचा संशय घ्यावा. खरखर ऐकू आल्यास बेअरिंग झिजले असावे. टकटक होत असल्यास पात्यास तार वा बाहेरची वस्तू लागत असावी. काही यंत्रांत काम हलके असता पंखा मुद्दामच थांबविला जातो, तो दोष समजू नये.

(२) अकारण श्रम तपासावेत. कोणतेही काम चालू नसताना पंखा जोरात फिरत असेल तर ‘टास्क मॅनेजर’ उघडून प्रोसेसर कशात गुंतला आहे ते पाहावे. नको असलेला एखादा कार्यक्रम वा विषाणू पडद्याआड राबत असण्याचा संभव असतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये कामाचा वेग ठरविण्याची सोय असते. ती खेळांसाठीच्या कमाल वेगावर ठेवलेली असल्यास ‘संतुलित’ वा ‘शांत’ करावी. आपल्या पाठांस तेवढा वेग पुरेसा आहे.

(३) हवेचा मार्ग तपासावा. तापमान दाखविणारा एखादा विनामूल्य कार्यक्रम घेऊन चित्रफितीच्या १५ मिनिटांनंतरचा आकडा लिहून ठेवावा. मग लॅपटॉपची मागील बाजू लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर दोन-तीन सेंटिमीटर उचलून तीच चित्रफीत तेवढाच वेळ पुन्हा चालवावी. तापमान लक्षात येण्याइतके उतरले तर तळाकडून हवा अपुरी मिळत होती, हे सिद्ध झाले. एका वेळी एकच बदल करावा. दोन केल्यास गुण कशाने आला ते कळत नाही. अनेक प्रोसेसर ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून पंखा फिरत असूनही यंत्र मंदावणे, हे शीतनव्यवस्था बिघडल्याचे चिन्ह समजावे.

(४) यंत्र उघडून तपासावे. हे काम जाणकार कारागिराकडून, परंतु शक्यतो शिक्षकाच्या समक्ष करून घ्यावे. दोन वर्षांत तीन पंखे बदललेल्या एका शाळेचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. तेथे दर वेळी केवळ पंखा बदलला जात होता. जाळी सोडवून कोणी पाहिली नव्हती. चौथ्या वेळी ती सोडविली असता आत धुळीचा जाड थर निघाला आणि लेप तर वाळून भुगा झाला होता. दोन्ही दोष दूर केल्यावर पंख्याची तक्रार थांबली.

कारागिरास विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न : पंखा व जाळी यांच्यामधील थर काढला काय? तो आतल्या बाजूस असल्याने बाहेरून फुंकर मारून निघत नाही. दुसरा : लेप नवा लावला काय? तिसरा : नवा पंखा त्याच क्रमांकाचा आहे काय? या यंत्रांत बहुधा दोन पंखे असतात; डावा व उजवा एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. काही पंखे ५ व्होल्टवर, तर काही १२ व्होल्टवर चालतात. ५ व्होल्टच्या पंख्यास १२ व्होल्ट मिळाल्यास तो जळेल, आणि उलट झाल्यास मंद फिरेल वा फिरणारच नाही. चौथा : तारा व जोडणी तपासली काय? पंख्यास बहुधा चार तारा असतात. दोन विजेच्या, एक वेगाची आज्ञा नेणारी आणि एक प्रत्यक्ष वेग कळविणारी. ही शेवटची तार तुटली तर पंखा फिरत असूनही यंत्र ‘पंखा बिघडला’ अशी सूचना देते. खात्रीचा नवा पंखाही मुळीच फिरत नसेल, तर दोष मुख्य फलकात असण्याचा संभव अधिक. मग आणखी पंखे विकत घेऊ नयेत.

दक्षता

यंत्र उघडताना प्रथम अडॅप्टर काढावा व लगेच बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसल्यास यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू वा टोचू नये. हवेच्या झोताने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा पंखा बेसुमार वेगाने फिरून बेअरिंगला इजा होते. खोबरेल तेल कदापि घालू नये. ते थंडीत गोठते व धूळ धरून ठेवते. शिलाई यंत्राच्या तेलाचा एखादा थेंब काही दिवस काम भागवील, परंतु तो कायमचा उपाय नव्हे.

वर्गात लॅपटॉप फळ्यापासून दूर, कापड न अंथरलेल्या कठीण पृष्ठभागावर ठेवावा. काम संपल्यावर तो बंद करावा, थंड होऊ द्यावा व मगच झाकावा. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळी सुट्टीत, आतील सफाई करून घ्यावी.

शेवटी एक सूचना. जडसंग्रह नोंदवहीत यंत्राची नोंद असतेच. तिच्या जोडीस एक साधी वही ठेवून तीत बिघाडाचा दिनांक, दिसलेले लक्षण, तापमानाचा आकडा, केलेला उपाय व झालेला खर्च लिहावा. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहते व नव्या शिक्षकास पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीपुढे खर्चाची मागणी ठेवतानाही तिचा आधार होतो. वरच्या वर्गातील मुलांकडून कागदाच्या पट्टीचा व ठोकळ्यांचा प्रयोग करवून घेतल्यास निरीक्षण, नोंद व अनुमान या विज्ञानाच्या तिन्ही पायऱ्यांचा पाठ त्यांना प्रत्यक्ष मिळेल. शिक्षकबंधू-भगिनींनी आपल्या शाळेतील यंत्राची ही तपासणी अवश्य करून पाहावी आणि तिचे निष्कर्ष केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत मांडावेत, म्हणजे एका शाळेचा अनुभव इतर शाळांच्याही उपयोगी पडेल.