धारकाची ओळख

दोन हजार रुपयांची गुलाबी नोट चलनातून मागे घेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी जाहीर केला. त्यापाठोपाठ स्टेट बँकेने आपल्या शाखांना कळविले की, एका वेळी वीस हजार रुपयांपर्यंतच्या नोटा बदलून देताना ग्राहकाकडून ना अर्ज भरून घ्यावा, ना ओळखपत्र मागावे. वाढवून दिलेली मुदत ७ ऑक्टोबरला संपली आणि पुढची अदलाबदल रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांपुरती मर्यादित झाली. दिल्लीकरांसाठी ते कार्यालय संसद मार्गावरचे. तेथे मात्र वैध ओळखपत्राची अट आली. नोट तीच, तिच्यावर गव्हर्नरांनी सही करून दिलेले वचनही तेच. बदलली होती ती केवळ खिडकी.

हे वचन ‘धारका’ला दिलेले असते. धारक कोण, कोठला, त्याचे नाव काय, हे नोट विचारीत नाही. रोख पैशाचे सारे बळ या न विचारण्यात आहे आणि त्याविषयीचा सरकारचा सारा संशयही त्यातूनच उद्भवतो. पैसे देताना माणसाने आपली ओळख कधी दाखवावी, कोणाला दाखवावी आणि कितीच्या व्यवहाराला दाखवावी, याची गेल्या दशकातील उत्तरे एकत्र मांडली तर त्यांत अर्थशास्त्रापेक्षा राजकारणच अधिक दिसते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. १० नोव्हेंबरपासून चार हजार रुपयांपर्यंतच्या नोटा बदलून मिळण्याची सोय झाली, पण त्यासाठी विहित अर्ज आणि ओळखपत्र लागे. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र, पॅन कार्ड, नरेगाचे कार्ड, सरकारी खात्याचे ओळखपत्र यांपैकी कोणतेही चाले. सरकारी नोकराला बिल्ला पुरे होता. परप्रांतातून आलेल्या ज्या मजुराची कागदपत्रे गावाकडे पेटीत राहिली होती, त्याच्या खिशातील स्वकष्टाची नोट मात्र मुकी झाली. ही मर्यादा आधी साडेचार हजारांवर नेण्यात आली, मग १८ नोव्हेंबरपासून दोन हजारांवर आणली गेली आणि २४ नोव्हेंबरनंतर खिडकीवरील अदलाबदल बंदच झाली. मधल्या काळात, ओळखपत्रालाही लोक चकवतात असे वाटून, बोटाला शाई लावण्याचा निर्णय तत्कालीन अर्थव्यवहार सचिव शक्तिकांत दास यांनी जाहीर केला. पोटनिवडणुका तोंडावर असल्याने निवडणूक आयोगाला त्याविषयी अर्थ मंत्रालयाला पत्र लिहावे लागले. मतदानाची खूण पैशाच्या खिडकीवर वापरण्याची कल्पना नॉर्थ ब्लॉकमध्ये सुचावी, यावरून त्या दिवसांतील मनःस्थितीची कल्पना यावी.

त्या लक्षावधी झेरॉक्स प्रतींनी काय साधले? काळा पैसा खिडकीवर अडला असता, तर रद्द नोटांचा मोठा हिस्सा परत आलाच नसता. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या वार्षिक अहवालानुसार १५.४१ लाख कोटी रुपयांच्या रद्द नोटांपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटा परत आल्या. म्हणजे ९९.३ टक्के. उलट, ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या प्रती वापरून भलत्यांच्याच नोटा बदलून दिल्याचे आरोप काही बँक कर्मचाऱ्यांवर झाले आणि तपास यंत्रणांना गुन्हे नोंदवावे लागले. ज्याने प्रामाणिकपणे प्रत दिली, त्याचेच नाव दुसऱ्याच्या पैशाला चिकटले.

२०२३ मध्ये सरकारी पक्षाचा सूर पालटला. ओळखपत्राविना नोटा बदलून देण्यास आव्हान देणारी जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयात आली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ही नोटाबंदी नसून चलन व्यवस्थापनाचा भाग असल्याचे सांगितले. नोट वैध चलन राहिली होती, हा २०१६ शी तुलना करता खरा कायदेशीर फरक होता. २९ मे २०२३ रोजी याचिका फेटाळली गेली. हे तर्कशास्त्र मान्य करूनही एक प्रश्न उरतो. दोन हजारांच्या नोटा ज्यांच्याकडे गठ्ठ्यांनी होत्या ते ओळखीविना सुटू शकत होते, आणि पाचशेच्या आठ नोटा घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस सहा-साडेसहा वर्षांपूर्वी सुटला नव्हता.

सराफ बाजाराचा अनुभव याहून बोलका आहे. जानेवारी २०१६ पासून दोन लाख रुपयांवरील कोणत्याही खरेदीला, मग ती रोखीने असो वा कार्डाने, पॅन क्रमांक देणे बंधनकारक झाले. दागिन्यांसाठी ही मर्यादा त्यापूर्वी पाच लाखांची होती. सराफांनी त्याविरुद्ध फेब्रुवारीत बंदही पाळला. १ एप्रिल २०१७ पासून तत्कालीन प्राप्तिकर कायद्यात आणखी एक कलम आले. दोन लाख वा त्याहून अधिक रोकड स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ लागला. येथे बोजा देणाऱ्यावरून घेणाऱ्यावर सरकला आणि माझ्या मते या साऱ्या मालिकेतील शहाणपणाची तरतूद हीच. ग्राहकाचे आधार कार्ड गल्ल्यात साठविण्यापेक्षा मोठी रोकड घेणेच महाग करणे, हे त्यामागचे सूत्र होते.

पण २३ ऑगस्ट २०१७ रोजी दोन कोटींवर उलाढाल असलेले सराफ अवैध सावकारी रोखणाऱ्या नव्हे, तर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले गेले आणि पन्नास हजारांवरील खरेदीला ग्राहकाची ओळख तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. बाजारात हाहाकार उडाला. दिवाळी १९ ऑक्टोबरला होती आणि गुजरात विधानसभेची निवडणूक डिसेंबरात. ६ ऑक्टोबरला अधिसूचना मागे घेण्यात आली. अवघ्या ४४ दिवसांत राष्ट्रीय सुरक्षेची गरज ओसरली होती, असे समजावे काय? तीन वर्षांनी, २८ डिसेंबर २०२० रोजी, हेच व्यापारी पुन्हा त्या कायद्याखाली आले, पण या वेळी मर्यादा दहा लाखांच्या रोखीची होती. पन्नास हजार ते दहा लाख हे अंतर कोणत्या अभ्यासातून ठरले, हे अर्थ मंत्रालयाने कधी समजावून सांगितले नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची गलाई कारागिरांची कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या सोनेचांदी गाळीत आहेत. अशा प्रत्येक उलटसुलट अधिसूचनेचा पहिला चटका मोठ्या पेढीआधी त्यांच्या मुशीला बसतो, कारण बाजार थांबला की त्यांचे काम त्याच दिवशी थांबते.

कार्डांच्या बाबतीत मात्र भारताने निराळी आणि अधिक विचारी वाट धरली. सहीचा जमाना होता तेव्हा दुकानदार कार्डामागची सही आणि पावतीवरची सही डोळ्यांनी ताडून पाही. संशय आला तर वाहन परवाना मागे. पण ओळखपत्र माणसाचे नाव सांगते, त्या खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार सिद्ध करीत नाही. रिझर्व्ह बँकेने हा भेद ओळखला. ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड व्यवहाराला दुसरी गुप्त खूण सक्तीची झाली, १ डिसेंबर २०१३ पासून दुकानातील डेबिट कार्डाला पिन लागू झाला, मग चुंबकीय पट्टीची जागा चिपने घेतली. छोट्या रकमांना तर पिनचीही गरज ठेवली नाही. यंत्राला नुसते टेकवून द्यावयाच्या रकमेची मर्यादा २०१५ मध्ये दोन हजार होती, ती जानेवारी २०२१ पासून पाच हजार झाली. चार आकडे दाबणाऱ्याला आपले नाव, पत्ता, जन्मतारीख दुकानदाराच्या हवाली करावी लागत नाही. ज्याच्यापाशी कार्ड आहे त्याच्या वाट्याला ही सभ्यता आली.

ओळखपत्राच्या प्रतीचे पुढे काय होते, याविषयी सरकार स्वतःच गोंधळलेले आहे. आधारची प्रत कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत वापरा, असा इशारा आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी दिला. दोनच दिवसांनी, चुकीचा अर्थ लावला जाईल, असे कारण देऊन केंद्राने तो मागे घेतला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांच्या आधारसक्तीचा आधारच काढून घेतला होता. बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे ग्राहक व्यवहार खात्याला मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावावे लागले. राजधानीतील मॉलमध्ये गल्ल्यावरची मुलगी तो आजही सहज विचारते आणि आपण सहज सांगतो.

खरी कसोटी आहे ती गावी पैसे धाडणाऱ्याची. बँकेत खाते नसलेल्या माणसालाही रोख रक्कम भरून दुसऱ्याच्या खात्यावर पाठविता यावी, यासाठी रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये देशांतर्गत हस्तांतराची सवलतीची चौकट आखली होती. बांधकामावरचा मजूर कोपऱ्यावरच्या दुकानात नोटा मोजून देई आणि घरी पैसे पोहोचत. २४ जुलै २०२४ च्या परिपत्रकाने ही चौकट आवळली. १ नोव्हेंबर २०२४ पासून पाठविणाऱ्याची नोंदणी पडताळलेल्या मोबाइल क्रमांकावर आणि स्वतः साक्षांकित केलेल्या अधिकृत ओळखपत्रावर करावयाची आणि प्रत्येक व्यवहाराला आणखी एक पडताळणी घ्यावयाची, असे ठरले. फसवणुकीचा पैसा याच वाटेने पळतो, हे कारण खोटे नाही. खाती आता बहुतेकांकडे आहेत, हेही खरे. पण सिम कार्ड दुसऱ्याच्या नावावर असलेला, फोन हरवलेला, आधारवरचा क्रमांक गावीच सुटलेला माणूस या परिपत्रकात कोठे बसतो, हे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ठरवावे लागते. तो एक तर ग्राहकाला परत पाठवितो किंवा दुसऱ्याच कोणाच्या ओळखीवर पैसे धाडतो. २०१७ मध्ये सराफांची शिष्टमंडळे अर्थमंत्र्यांना भेटू शकली. या ग्राहकाचे शिष्टमंडळ अद्याप कोणाला भेटलेले नाही.